रंगाचं बिल थकलं, गोल्फ रिसॉर्ट लिलावाच्या दारात!

फ्लोरिडात, मायामीजवळच्या डोरालमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचं गोल्फ रिसॉर्ट आहे. २०१२ साली ते १५ कोटी डॉलरना घेतलं. पुढे तिथे मोठं नूतनीकरण निघालं आणि रंगकाम करणाऱ्या पोटकंत्राटदाराने ‘द पेंट स्पॉट’ या स्थानिक दुकानातून रंग उचलला. त्यातले साधारण ३२ हजार डॉलर थकले. दुकानाने रिसॉर्टच्या मालमत्तेवर लिएन, म्हणजे थकलेल्या पैशांचा दावा, नोंदवला आणि थेट कोर्ट गाठलं. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, पैसे द्या, नाहीतर मालमत्ता लिलावात काढून ते वसूल होतील. दुकानाच्या वकिलांची फीही मालकाच्या माथी पडली, ती जवळपास ३ लाख डॉलर. मूळ उधारीच्या नऊपट! मालकाने अपील केलं. २०१७ मध्ये अपिलातही दुकानच जिंकलं.

गंमत अशी की रिसॉर्टच्या मालकाने या दुकानातून स्वतः एक डबाही मागवला नव्हता. मालकाने मुख्य कंत्राटदार नेमला, त्याने रंगाऱ्याला काम दिलं, रंगाऱ्याने दुकानातून माल घेतला. शिवाय दुकानाने मालकाला पाठवलेल्या नोटिशीत मुख्य कंत्राटदाराचं नाव चुकलं होतं. मालकाच्या वकिलांनी तीच चूक धरून ठेवली. कोर्टाने पाहिलं, की चूक प्रामाणिक आहे आणि तिच्यामुळे मालकाचं काही बिघडलेलं नाही. रंग त्या भिंतींना लागला होता, एवढं पुरलं. दुकानदाराचा हा विजय मला फार मोलाचा वाटतो.

मिस्त्रीच्या हातात घराचा कागद

अमेरिकेत अशा लिएनला ‘मेकॅनिक्स लिएन’ किंवा ‘कन्स्ट्रक्शन लिएन’ म्हणतात. आपल्याकडे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो ना, तसाच हा कामाच्या पैशांचा बोजा. गवंडी, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, काँक्रीट पुरवणारा, बऱ्याच राज्यांत यंत्रं भाड्याने देणारा आणि नकाशा काढणारा आर्किटेक्टसुद्धा, पैसे बुडाले की काउंटीच्या कार्यालयात जाऊन त्या मालमत्तेवर आपला दावा नोंदवू शकतो. न्यू यॉर्कच्या कायद्यात तर इमारत पाडणाऱ्यालाही हा हक्क आहे. दावा नोंदला गेला, की घर विकायला किंवा नवं कर्ज काढायला निघालेल्या मालकाची वाट अडते. तरीही तो हलला नाही, तर कोर्टातून जप्ती आणि लिलाव.

यामागचं कारण अगदी सरळ आहे. दुकानदाराने उधारीवर दिलेली खुर्ची परत उचलून नेता येते. भिंतीत गेलेली वीट आणि छतात मुरलेला घाम कोण परत नेणार? मग ज्या मालमत्तेची किंमत त्या घामाने वाढली, तीच पैशांना तारण.

आपल्या भारतीय करार कायद्यात, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या कलम १७० मध्ये, या विचाराचं अर्धं रूप आहे. त्याखाली दोन छान उदाहरणं दिली आहेत. एकाने जवाहिऱ्याकडे कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, तर मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याने हिरा स्वतःकडे ठेवावा. दुसऱ्या उदाहरणात शिंप्याने कोट शिवायला कापड घेतलं, पण पैशांसाठी तीन महिन्यांची मुदत दिली, म्हणून त्याला कोट अडवता येत नाही. हिरा निदान हातात धरून ठेवता येतो. गवंड्याने बांधलेली भिंत मात्र मालकाच्या जमिनीवर उभी असते आणि तिच्यावर त्याचा बोजा चढवणारा कायदा आपल्याकडे नाही. आपला कायदा जिथून आला त्या इंग्लंडमध्येही नाही. तिथे १९९६ च्या कायद्याने निराळी सोय केली. बांधकामाच्या पैशांचा तंटा लवादासारख्या एका निर्णयकर्त्यापुढे न्यायचा आणि त्याने साधारण २८ दिवसांत निकाल द्यायचा.

जेफरसनना राजधानीची घाई

अमेरिकेतला असा पहिला कायदा कुठे झाला? खुद्द वॉशिंग्टन शहरासाठी! १७९१ साली नवी राजधानी कागदावर होती, जागेवर बहुतेक रान आणि शेतं. प्लॉट विकून सरकारी इमारतींचा पैसा उभा करायचा बेत होता, पण घरं उठल्याशिवाय प्लॉट घेणार कोण? आणि कामाचे पैसे मिळतील याची खात्री नसताना तिथे जाऊन घरं बांधणार तरी कोण? त्या सप्टेंबरात परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन जॉर्जटाउनला आले आणि शहराच्या आयुक्तांबरोबर बसले. बांधकाम करणाऱ्यांना मालमत्तेवर हक्क देण्याची कल्पना तिथल्या चर्चेत होती. डिसेंबरात मेरीलँडच्या विधिमंडळाने कायदा केला आणि त्यात हा हक्क घातला. त्यानंतर १८०३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने तसाच कायदा फिलाडेल्फियासाठी आणला. मग राज्यामागून राज्य. आज तो पन्नासही राज्यांत आहे.

मूळ कल्पना मात्र जेफरसनहून कितीतरी जुनी. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात रोमच्या सेनेटने ठरवलं होतं, की पडकी इमारत पुन्हा उभी करायला जो पैसे देईल, त्याला त्या इमारतीवर तारणाचा हक्क मिळेल. रोमन कायद्याचा धागा फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेत आला. त्यात आर्किटेक्ट, कंत्राटदार, गवंडी यांना इमारतीवर खास हक्क होता. फ्रेंच वळणाचा कायदा जपणाऱ्या लुइझियानात आजही हा दावा ‘प्रिव्हिलेज’ याच नावाने नोंदवतात, तर कॅनडाच्या क्युबेकमध्ये बांधकामाचं कायदेशीर गहाण म्हणून.

राज्यघटनेत गवंडी

कॅलिफोर्नियाने हा हक्क साध्या कायद्यावर सोडला नाही. १८७९ च्या राज्यघटनेतच लिहून टाकला. कारागीर, मजूर, माल पुरवणारा, सगळ्या थरांतले. टेक्ससच्या १८७६ च्या घटनेतही तो आहे आणि मालकाशी थेट करार केलेल्याला तिथे घटनेतूनच लिएन मिळतो.

घटनेत असण्याचा फायदा काय, ते १९९७ मध्ये दिसलं. अमेरिकेत कंत्राटांत एक कलम सर्रास घालतात. मालकाने मला पैसे दिले तरच मी तुला देईन, त्याने बुडवले तर तुझेही बुडाले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कलमाला केराची टोपली दाखवली. घटनेने दिलेला लिएनचा हक्क हे कलम मागच्या दाराने काढून घेतं, म्हणून ते चालणार नाही. न्यू यॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने दोन वर्षं आधी, १९९५ मध्ये, असाच निकाल दिला होता. ज्याने मालकाला कधी पाहिलंही नाही, त्या फरशीवाल्याने मालकाच्या दिवाळखोरीचा भार का वाहायचा? दोन्ही न्यायालयांनी अगदी योग्य केलं.

टेक्ससमध्ये आणखी एक गोष्ट आहे. राहत्या घराला तिथली घटना फार जपते, बहुतेक घेणेकऱ्यांना त्या घराला हात लावू देत नाही. दुरुस्तीच्या कामासाठी तेच घर तारण ठेवायचं असेल तर लेखी करार हवा, आणि तोही नवरा-बायको दोघांच्या संमतीचा. ह्यूस्टन किंवा डॅलसमध्ये घर वाढवायला काढलेल्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. आणि तिथे काम करणाऱ्या कंत्राटदाराने तर नक्कीच. एक सही कमी पडली की हक्क गेला.

तारीख चुकली, सगळं संपलं

हा हक्क जितका जबर, तितकाच अल्पायुषी. लिएनच्या दाव्यात पैसे बुडतात ते बहुतेक कॅलेंडरवर. आणि प्रत्येक राज्याचं कॅलेंडर वेगळं!

कॅलिफोर्नियात माल किंवा काम सुरू केल्यापासून २० दिवसांत प्राथमिक नोटीस पाठवायची. उशीर झाला तर नोटिशीच्या आधीचं फक्त २० दिवसांचं काम धरलं जातं. काम पुरं झाल्यावर ९० दिवसांत लिएन नोंदवायचा. पण मालकाने काम पुरं झाल्याची सूचना नोंदवली, तर थेट कंत्राटदाराला ६० आणि पोटकंत्राटदाराला अवघे ३० दिवस. नोंदवल्यावर ९० दिवसांत खटला भरायचा. नाही भरला तर लिएन मेला.

फ्लोरिडात मालकाला नोटीस ४५ दिवसांत, लिएन शेवटच्या कामापासून ९० दिवसांत, खटला वर्षभरात. वर्ष आहे म्हणून निवांत बसलेल्याला मालक हादरा देऊ शकतो. लिएनला हरकत घेणारी एक नोटीस त्याने नोंदवली की वर्षाचे ६० दिवस होतात! न्यू यॉर्क त्यामानाने ऐसपैस आहे. तिथे लिएनला आठ महिने मिळतात, एका कुटुंबाच्या घरासाठी चार. टेक्ससचा हिशेब पंधरा तारखेचा. काम केलेल्या महिन्यापासून पुढचे महिने मोजायचे आणि ठरलेल्या महिन्याची पंधरा तारीख गाठायची. ती रविवारी आली तरी पूर्वी सूट नव्हती. २०२२ पासून नवा कायदा लागू झाला, तेव्हा कुठे मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर गेली.

मग मुदत संपत आली की साइटवर जाऊन एखादा दिवा बदलायचा, नळाचा वॉशर घट्ट करायचा आणि ‘शेवटचं काम’ आजचं दाखवायचं, ही युक्ती पुष्कळांनी करून पाहिली आहे. बहुतेक न्यायालयं तिला भुलत नाहीत. आधीच्या कामातला दोष दुरुस्त करणं किंवा वॉरंटीचं काम हे नवं काम धरत नाहीत.

परवाना नसेल तर कॅलेंडर पाहायचीही गरज नाही. कॅलिफोर्नियात परवान्याशिवाय काम करणाऱ्याला एक डॉलरही वसूल करता येत नाही, उलट घेतलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. न्यू यॉर्कच्या एका कंपनीने पाम स्प्रिंग्जच्या वॉटरपार्कसाठी कृत्रिम लाटांचा सर्फिंग तलाव केला. वाळवंटातल्या गावात समुद्राच्या लाटा! तलाव झाला, बाकी पैसे अडकले. कंपनीकडे कॅलिफोर्नियाचा परवाना नव्हता. आपल्याला फसवून काम करून घेतलं, असं तिचं म्हणणं होतं, तरी १९९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही. हा नियम मला फारच कठोर वाटतो. ग्राहकाचं रक्षण समजू शकतं, पण झालेल्या कामाची पै न पै नाकारणं म्हणजे अन्याय.

रिकाम्या प्लॉटचा फोटो

घर लिलावात निघालं तर पैसे आधी कोणाला, बँकेला की मिस्त्रीला? बऱ्याच राज्यांत मिस्त्रीच्या हक्काची तारीख मागे सरकते. लिएन नोंदवला त्या दिवशीची नाही, साइटवर पहिलं दिसण्याजोगं काम झालं त्या दिवशीची धरतात. कॅलिफोर्नियात असंच आहे. शेवटी आलेल्या रंगाऱ्यालाही पहिल्या फावड्याच्या दिवसाची जागा मिळते.

म्हणून बँका काय करतात? कर्जाचे कागद नोंदवण्याच्या दिवशी माणूस पाठवून मोकळ्या प्लॉटचे फोटो काढून ठेवतात. खड्डा नाही, सळ्यांचा ढीग नाही, गवत जसंच्या तसं. उद्या वाद झाला, तर आमचा बोजा आधीचा हे दाखवायला गवताचा फोटो! कंत्राटदाराने आदल्या दिवशी घाईने खोदकाम सुरू केलं असेल, तर कोट्यवधींच्या कर्जाचा नंबर मागे जाऊ शकतो.

बांधलेलं काढून नेता येत नाही म्हणून लिएन, असं वर म्हटलं. टेक्ससमध्ये त्याला एक मजेदार अपवाद आहे. जे इमारतीला धक्का न लावता काढता येतं, ते काढून नेण्याचा हक्क न्यायालयांनी मान्य केला आहे, आणि तोही बँकेच्या गहाणाच्या वरचढ. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे व्हर्लपूल कंपनी आणि एक बँक समोरासमोर आल्या. वाद कशाचा, तर अपार्टमेंटमधल्या डिशवॉशर आणि सिंकखालच्या कचरा दळणाऱ्या यंत्रांचा. यंत्रं स्क्रू काढून सुटतात, म्हणून निकाल व्हर्लपूलच्या बाजूने लागला.

लिएन सोडवायचा कसा

मालकाचीही एक बाजू आहे आणि ती खरी आहे. कंत्राटदाराला सगळे पैसे चुकते केले, त्याने ते खिशात घातले आणि पोटकंत्राटदाराने घरावर लिएन ठोकला, तर मालकाला दुसऱ्यांदा मोजायची पाळी येते. फ्लोरिडात तर घराच्या कंत्राटात ठळक अक्षरांत इशारा छापावाच लागतो, की कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले असले तरीही बाकीच्यांचा तुमच्या घरावर हक्क राहतो. न्यू यॉर्कने दुसऱ्या टोकाने बंदोबस्त केला. कामासाठी मिळालेला पैसा कंत्राटदाराच्या हातात विश्वस्त निधी म्हणून असतो. पोटकंत्राटदारांचे पैसे न देता तो दुसरीकडे वळवला तर ती चोरी, आणि तिला फौजदारी शिक्षा. हा नियम मला सगळ्या लिएन कायद्यांतला सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो पैसा बुडायच्या आधीच हात धरतो.

मालमत्ता मोकळी करायचा हुकमी मार्ग म्हणजे लिएनच्या जागी बॉण्ड, म्हणजे जामीनदाराची पैशांची हमी, भरणं. कॅलिफोर्नियात दाव्याच्या १२५ टक्के, न्यू यॉर्कमध्ये ११० टक्के. बॉण्ड आला की बोजा जमिनीवरून उतरून बॉण्डवर बसतो. घर विकायला मोकळं, भांडण पैशांचं चालू.

दावा फुगवायचा मोह झाला तर? न्यू यॉर्कमध्ये जाणूनबुजून फुगवलेला लिएन सगळाच रद्द होतो, वर नुकसानभरपाई. फ्लोरिडात खोटा लिएन हा फौजदारी गुन्हा.

आणि प्रत्येक चेकबरोबर येणारा तो एक कागद, हक्क सोडल्याचा. त्याचे चार नमुने कॅलिफोर्नियाच्या कायद्यातच दिले आहेत. हप्त्याचे दोन, शेवटच्या बिलाचे दोन. प्रत्येकात एक सशर्त, एक बिनशर्त. सशर्त म्हणजे चेक वटला तर हक्क सोडला. बिनशर्त म्हणजे सही केली त्या क्षणी सोडला, मग चेक परत येवो न येवो. चेक हातात नसताना बिनशर्त कागदावर सही करणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. ‘आधी सही कर, उद्या चेक देतो’ ही भाषा जगभरच्या साइटवर चालते.

मोठे लोकही या रांगेत येतात बरं. लास वेगासच्या सिटीसेंटर प्रकल्पावर मुख्य कंत्राटदार पेरिनी कंपनीने २०१० मध्ये सुमारे ४९ कोटी डॉलरचा लिएन नोंदवला. मालकांचं उत्तर होतं, की नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने आखलेल्या ‘हार्मन’ या मनोऱ्यात सळ्याच चुकीच्या बसवल्या. चार वर्षं झगडा चालला, मग तडजोड झाली. त्या हॉटेलात एकही पाहुणा कधी उतरला नाही. उभा मनोरा मजल्यामागून मजला उतरवून टाकला.

सरकारी इमारतीवर बोजा नाही!

आता सर्वांत मोठा अपवाद. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर लिएन चढत नाही. टपाल कार्यालय, लष्करी तळ, कोर्ट, धरण, कशावरच नाही. सार्वभौम सत्तेची इमारत गवंड्याच्या बिलापायी लिलावात काढता येणार नाही. मग गवंड्याने काय करायचं?

पहिलं उत्तर १८९४ च्या हर्ड कायद्याने दिलं. कंत्राटदाराने सरकारला हमीचा बॉण्ड द्यावा आणि त्यातूनच मजुरांचे, माल पुरवणाऱ्यांचे पैसे भागावेत. पण बॉण्ड एकच होता आणि त्यावर पहिला हात सरकारचा. काम पुरं होऊन अंतिम हिशेब झाल्यावरही सहा महिने थांबायचं. तोवर सरकारने दावा केला नाही, तरच बाकीच्यांनी कोर्टात जायचं. मजुराच्या घरची चूल सहा महिने थांबते का?

१९३५ मध्ये मिलर कायदा आला. आर्कान्साचे प्रतिनिधी जॉन मिलर यांच्या नावाचा. त्याने एकाचे दोन बॉण्ड केले. काम पुरं करण्याच्या हमीचा सरकारसाठी आणि पेमेंट बॉण्ड फक्त मजूर, पोटकंत्राटदार, माल पुरवणारे यांच्यासाठी. कायद्याच्या मजकुरात १ लाख डॉलरच्या वरच्या केंद्रीय बांधकामाला तो सक्तीचा आहे. राज्यांनीही आपापले तसे कायदे केले. त्यांना ‘लिटल मिलर ॲक्ट’ असं लाडकं नाव आहे. कित्येक वर्षं मात्र एक मोठी त्रुटी होती. कंत्राट ५० लाख डॉलरच्या वर गेलं, की पेमेंट बॉण्डची रक्कम २५ लाखांवर अडायची, काम ५० कोटींचं असलं तरी! ती मर्यादा १९९९ मध्ये गेली.

दाव्याची रीत अशी. मुख्य कंत्राटदाराशी थेट करार असेल तर नोटिशीची गरज नाही. पोटकंत्राटदाराशी करार असेल तर आपल्या शेवटच्या कामापासून ९० दिवसांत मुख्य कंत्राटदाराला लेखी नोटीस. खटला वर्षाच्या आत आणि केंद्रीय कोर्टातच. खटल्याचं नाव तर वाचण्यासारखं असतं. वादी म्हणून ‘युनायटेड स्टेट्स, अमुक कंपनीच्या वापरासाठी’. म्हणजे चार खिडक्या पुरवणारा सुतार अख्ख्या अमेरिकेच्या नावाने कोर्टात उभा! सरकार नाव देतं, खर्च देत नाही. वकिलाचा खर्चही सहसा ज्याचा त्याने सोसायचा. प्लायवूड पुरवणाऱ्या एका कंपनीच्या दाव्यात १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं. डोरालच्या रंगवाल्याला फी मिळाली ती फ्लोरिडाच्या कायद्याने. केंद्राच्या कामावर त्याला ती मिळाली नसती.

नोटीस रजिस्टर्ड टपालानेच हवी असं पूर्वी कायद्यात होतं. एका पुरवठादाराने ती साध्या टपालाने पाठवली. कंत्राटदाराला ती पोचली, हे कोणी नाकारत नव्हतं. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रजिस्टर्ड टपाल हे पोचल्याचा पुरावा मिळावा म्हणून आहे, आणि नोटीस पोचली आहेच. दावा चालला.

तिसऱ्या पायरीवरचे

हा बॉण्ड खाली किती पायऱ्या उतरतो? फार नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू जर्सीच्या लिंडेनमध्ये संरक्षण कामगारांची घरं बांधताना मुख्य कंत्राटदाराने एका व्यापाऱ्याकडून माल घेतला, व्यापाऱ्याने दुसऱ्या कंपनीकडून. मधल्या व्यापाऱ्याने सुमारे १२ हजार डॉलर थकवले. योगायोग पाहा, त्याचंही आडनाव मिलर! १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की नुसता माल विकणारा हा पोटकंत्राटदार नव्हे. म्हणून त्याला माल देणाऱ्याला बॉण्डवर हक्क नाही.

१९७८ चा निकाल याहून बोचतो. सरकारी हॉस्पिटलचं बांधकाम. मुख्य कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार, त्याच्याखाली आग विझवणारी पाण्याची तुषार यंत्रणा बसवणारी कंपनी. त्या कंपनीने आपल्या कामगारांच्या पेन्शनचे पैसे भरले नाहीत. काम झालं होतं, त्या हॉस्पिटलच्या छतात नळ्या बसल्या होत्या. न्यायालयाने कायद्यातल्या ‘पोटकंत्राटदार’ या शब्दाची रेघ तिथेच ओढली. मुख्य कंत्राटदाराशी ज्याचा करार, तोच पोटकंत्राटदार. त्याच्याखालच्या कंपनीचे कामगार बाहेर. ज्यांना हमीची गरज सर्वांत जास्त, तेच सर्वांत खाली असतात, आणि मिलर कायदा त्यांच्या आधीच थांबतो. कायद्यात ही रेघ आजही तशीच आहे. ती पुसायला हवी होती.

हमीला कोळशाचा ढीग

जामीनदार जितका भक्कम, तितकाच बॉण्ड कामाचा. म्हणून अमेरिकेचं अर्थखातं मान्य जामीनदार कंपन्यांची यादी प्रसिद्ध करतं. या धंद्याची भरभराट एकेकाळी इतकी होती, की अमेरिकन शुअरटी कंपनीने १८९६ मध्ये न्यू यॉर्कला ब्रॉडवेवर स्वतःचा उंच टॉवर उभा केला. तो आजही १०० नंबरला आहे. आपल्याकडे विमा कंपनीच्या शुअरटी बॉण्डला नियामकाने २०२२ मध्ये वाट मोकळी केली आणि पुण्याच्या बजाज अलियान्झने त्याच वर्षी डिसेंबरात पहिला बाजारात आणला. मात्र अमेरिकेसारखा, सरकारी बांधकामातल्या मजुरांच्या आणि पुरवठादारांच्या पैशांसाठी सक्तीचा पेमेंट बॉण्ड आपल्याकडे नाही. तो यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत कंपनीऐवजी एखादी व्यक्तीही जामीन राहू शकते. तिथूनच एक विलक्षण किस्सा झाला. व्हर्जिन बेटांवरच्या एका रस्त्याच्या कामासाठी व्यक्तिगत जामीनदाराने तारण दाखवलं ते काय? वेस्ट व्हर्जिनियात खाणीतून काढून रचून ठेवलेला कोळसा! सरकारी अधिकाऱ्याने ते नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि नकार टिकला. पुढे काँग्रेसने कायदाच बदलला. व्यक्तिगत जामीनदाराने केंद्र सरकारचे रोखेच तारण ठेवायचे.

ज्याचे पैसे अडकले आहेत त्याने आपल्या कामामागचा बॉण्ड कोणाचा आहे, हे पाहायचं कसं? मिलर कायद्यात त्याची सोय आहे. आपण काम केलं किंवा माल दिला आणि पैसे मिळाले नाहीत, एवढं प्रतिज्ञापत्र संबंधित सरकारी खात्याला द्यायचं. खात्याला पेमेंट बॉण्डची आणि कंत्राटाची प्रमाणित प्रत द्यावीच लागते. प्रत काढण्याचा खर्च मागणाऱ्याचा, पण ती प्रत कोर्टात पुरावा म्हणून चालते.